तोमेकिचीची हरायची नोकरी

ओरितो कंपनीची काचेची इमारत बघायला हल्ली लांबलांबून माणसं येतात. ओसाकाजवळच्या फुसे स्टेशनवर उतरतात, दारातल्या तोफूवाल्याच्या पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि पाटीवरचा कंपनीचा इतिहास वाचतात. पाटीवर सगळं आहे. लढाई संपल्यावर मेनको, मग भोवरे, मग पत्र्याची खेळणी, मग मोठ्या दुकानांच्या गच्चीवरची नेमबाजीची यंत्रं, मग टीव्हीवरचे खेळ. संस्थापकांची दूरदृष्टी, असंही लिहिलंय. डोंबलाची दूरदृष्टी! तो कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ज्यांनी पाहिलाय, त्या आमच्या फुसेतल्या कुणालाही विचारा. ते तोमेकिची इनुईचं नाव घेतील. आणि हा तोमेकिची तिथे काय करायचा म्हणाल, तर हरायचा. आयुष्यभर इमानेइतबारे हरायचा.

तोमेकिची घरातलं शेंडेफळ. थोरल्या भावंडांकडून मार खाऊन आणि सगळ्या खेळांत हरून वाढलेला. मेनको म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चकत्या. एकानं जमिनीवर ठेवायची, दुसऱ्यानं आपली आपटून तिला उलटी पाडायची, पडली की खिशात घालायची. फुसेतल्या पोरांच्या खिशात ज्या चकत्या होत्या त्यातल्या निम्म्या मूळच्या तोमेकिचीच्या, असं लोक म्हणत. पोहायला गेला की बुडायचा, कुस्तीत पंचानं हात खाली करायच्या आत पडायचा. पण गडी कधी रुसून घरी गेला नाही. पडला की उठायचा, धूळ झटकायचा आणि म्हणायचा, "आणखी एकदा."

लढाईनंतर यासाबुरो ओरितोनं लष्कराचा टाकाऊ पुठ्ठा उचलून मेनको कापायला सुरुवात केली, तेव्हा पुठ्ठ्याचे गठ्ठे वाहायला त्यानं तोमेकिचीला ठेवला. ओरितो तेव्हा तरणाच होता, पण डोकं पिकलेलं आणि बोलणं बापासारखं, म्हणून सगळे त्याला ओयाजी म्हणत. म्हणजे म्हातारबा. तेच नाव शेवटपर्यंत चिकटलं.

मेनकोचं बरं चाललं, तसे ओयाजीनं भोवरे काढले. लाकडाचे, लोखंडी कमरपट्ट्याचे, देखणे भोवरे. कारखान्यातले सगळे कारागीर हाताचे पक्के. दोरी गुंडाळायची, मनगट झटकायचं, की भोवरा जागच्या जागी घुमत उभा. तोमेकिचीनं फेकला की आडवा पडून पिंपाखाली जायचा.

"ओयाजी, हा फिरत नाही हो," तो म्हणाला.

"भोवऱ्याला काय नावं ठेवतोस? तुझ्या हाताला बघ!" आणि सगळी शेड खो खो हसली.

भोवरे गाड्या भरून गेले आणि महिना उलटायच्या आत गाड्या भरून परत आले. फिरत नाहीत म्हणे. शेडमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. ओयाजी त्या खोक्यांवर बसला, कपाळाला हात लावून. मग उठला आणि तोमेकिचीला समोर बसवलं.

"फिरव."

तोमेकिचीनं फेकला. आडवा.

"परत."

ओयाजी दुपारभर नुसता बघत बसला. शिकवलं नाही, रागावला नाही, हसला तर मुळीच नाही. आणि संध्याकाळी कारागिराला हाक मारून म्हणाला, "मानेपाशी खाच घे. याची दोरी तिथे सुटतेय." खाच घेतली. तोमेकिचीनं फेकला, तर भोवरा उभा! भोवऱ्यापेक्षा तोमेकिचीच जास्त नाचला. तो भोवरा मग ओसाकापासून नागोयापर्यंत प्रत्येक गल्लीत फिरला.

त्या दिवसापासून ओयाजीनं कायदा केला. तोमेनं खेळल्याशिवाय कारखान्यातून काहीही बाहेर जाणार नाही. ओयाजीच्या घरातल्या तातामीच्या गवती चटईवर तोमे बसणार, पुढ्यात नवं खेळणं. मागे ते बनवणारे. तोमेला कुणी काही सांगायचं नाही, हसायचं नाही. जो तोंड उघडेल तो खोलीबाहेर. आणि खेळून झाल्यावर तोमे आपणहून "आणखी एकदा" म्हणाला तरच माल बाहेर.

वर्षांमागून वर्षं गेली. पत्र्याची बदकं आली, बंदुकीची यंत्रं आली, चहाच्या दुकानातल्या टेबलात बसवलेले टीव्हीचे खेळ आले. नवी शिकलेली पोरं आली, आधी खाली मान घालून हसली आणि नंतर शहाणी झाली. काहीही बनलं की पहिला प्रश्न तोच, "तोमे-सानला दिलं का?" आणि तोमेकिची यायचा, पॅकिंगच्या खात्यातून हात पुसत, आणि हरायचा. मनापासून हरायचा. ठरवून हरता येत नाही हो, ते लगेच कळतं. त्याला खरंच जमायचं नाही, आणि हेच तर त्याचं सोनं होतं.

त्याची बायको सादाए मात्र वेगळ्या मातीची. छत्र्यांच्या कारखान्यात काड्यांना कापड शिवायची. हात असा चालायचा की बघत राहावं. जिभेला हाड नाही.

"आज काय झालं?" ती जेवताना विचारायची.

"हरलो."

"अगंबाई, नवीनच काहीतरी! घ्या, लोणचं घ्या. दमला असाल हरून हरून."

तो हसायचा. पण तिला लागायचं ते कुठेतरी. सार्वजनिक न्हाणीघरात बाकीच्या बायका आपल्या नवऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या. कुणाचा नवरा फोरमन झाला, कुणाच्या नवऱ्यानं मासेमारीत बक्षीस मारलं. सादाए पाठ घासत बसायची. ती काय सांगणार?

तोमेकिची रीतीप्रमाणे पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. तरी खेळायला त्याला बोलवायचेच. आणि नेमक्या तेव्हाच कंपनीचे दिवस फिरले. चहाच्या दुकानांतली टेबलं ओस पडली. लोकांनी घरोघरी खेळाची यंत्रं घेतली होती, त्यात घालायच्या डबीतला खेळ ज्याचा चालेल तोच जगणार होता. ओयाजी आता खरोखरचा म्हातारा झाला होता. त्यानं होतं नव्हतं ते एका खेळावर लावलं. खेळ तोफूवाल्याचा. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीराच्या बादल्या, तोंडात पिपाणी, आणि गडी गल्ल्यागल्ल्यांतून पळतोय. गटार आलं उडी, कुत्रं आलं उडी. पडला की तोफू फुटला. बनवणारा होता सासाबे नावाचा पोरगा. केस वाढलेले, नखं खाल्लेली, पण डोक्यानं तल्लख आणि मनानं सरळ.

त्या शरद ऋतूत तोमेकिची कालव्याकाठी सायकलवरून पडला आणि पाय मोडून घेतला. पाय प्लास्टरमध्ये. मग सासाबेच सगळं यंत्र घेऊन त्याच्या घरी आला. तोमेकिची खेळला. पहिल्याच गटारात पडला, पुन्हा पडला, पडतच राहिला. सासाबेनं मान डोलावली, टिपणं केली, यंत्र उद्या नेतो म्हणाला आणि गेला. तो उद्या काही उजाडला नाही. कारखान्यात कामाचा असा रगाडा होता की यंत्राची कुणाला आठवणच राहिली नाही. तोमेकिचीच्या घरी यंत्र ठेवणं म्हणजे मांजराकडे नांगर ठेवण्यासारखं. ते काय करणार त्याचं?

पण दिवस जाता जाईना. सादाए सकाळी कामावर जायची ती दिवेलागणीला परतायची. तोमेकिची उशीवर पाय ठेवून छताकडे बघत बसायचा. एके दिवशी त्यानं यंत्रावरचा रुमाल उचलला. पडला. आणखी एकदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि एका दुपारी काय झालं कुणास ठाऊक, तोफूवाल्यानं गटार ओलांडलं. तोमेकिचीनं इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. कुणीच नव्हतं. मग कुत्रं ओलांडलं, मग दुसरी गल्ली, तिसरी. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे हात त्याचं ऐकत होते. छप्पन्नाव्या वर्षी तोमेकिची इनुई कशात तरी हुशार झाला होता! कधी नव्हे ते त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सादाएची चाहूल लागली की तो यंत्र बंद करून रुमाल टाकायचा. लाजायचा बहुतेक. एवढ्या सुखाची सवय नव्हती त्याला.

प्लास्टर निघालं आणि शेवटच्या चाचणीचा निरोप आला. काठी टेकत जायचं म्हणून सादाए सोबत निघाली. ओयाजीच्या घरी तातामीवर सगळे दाटीवाटीनं बसले होते. कोपऱ्यात फोन. ओयाजीनं सांगितलं, "तोमे, आज होकार आला की मी लगेच डबीतली चिप छापणाऱ्यांना फोन करणार. त्यांनी आपल्यासाठी या आठवड्यापुरतीच जागा धरलीय. आणि एकदा चिप छापली की छापली. त्यात मग कानामात्रा बदलत नाही. माल परत आला, तर या खेपेला तो ठेवायला कारखानाच राहणार नाही."

तोमेकिची बसला. सुरुवात केली. आणि तोफूवाला सुटला तो असा सुटला की बघणारे मागे गुडघ्यांवर उठले. गटार, कुत्रं, सायकल, पुढची गल्ली. बादलीतलं पाणी हिंदकळलं नाही. शेवटी पिपाणी वाजली आणि नियम-बियम विसरून सगळे ओरडले. सासाबेच्या डोळ्यांत पाणी. "तोमे-सान पास! तोमे-सानना जमलं म्हणजे जगात कुणालाही जमेल!"

तोमेकिचीनं वळून बघितलं. सादाए भिंतीपाशी उभी होती. दोन्ही हात तोंडावर. मग तिनं शेजारच्या बाईचा दंड धरला आणि म्हणाली, "आमचे हे! पाहिलंत ना? आमचे हे!" लग्नाला तीस वर्षं झाली, तोमेकिचीनं तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्याला वाटलं, इथेच थांबावं. देवा, एवढं एकच दे, आणि पुढचं काही मागणार नाही.

तेवढ्यात ओयाजीनं फोनचा रिसीव्हर उचलला.

"थांबा, ओयाजी."

"काय झालं?"

"माझं धरू नका. यंत्र माझ्याच घरी राहिलं होतं. प्लास्टर होतं तितके दिवस मी रोज हेच खेळत होतो. चोरून." त्यानं खाली बघितलं. "आता मला हे येतं. मी बिघडलो, ओयाजी."

सासाबेचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा, ते यंत्र... मीच विसरलो." सादाएनं शेजारच्या बाईचा दंड सोडला. तोमेकिचीनं त्या बाजूला बघितलंच नाही.

ओयाजीनं रिसीव्हर खाली ठेवला. "म्हणजे तू आता ढ राहिला नाहीस?"

"नाही हो."

"चाळीस वर्षांत एक दिवस हुशार झालास, तोही आजचा मुहूर्त गाठून!" म्हातारा करवादला, पण डोळे हसत होते. त्यानं खोलीभर नजर फिरवली. "इथे हे न खेळलेलं कोण आहे?"

कुणीच नव्हतं. चहावालीसुद्धा चौथ्या गल्लीपर्यंत जायची. ओयाजीची नजर फिरत फिरत भिंतीपाशी थांबली.

"मी?" सादाए म्हणाली. "मी नाही हो बाई! मला कुठलं येतंय असलं पोरकट काहीतरी?"

"म्हणूनच," ओयाजी म्हणाला.

ती बसली. कंट्रोलर सुईदोऱ्यासारखा दोन बोटांत धरला. तोफूवाला निघाला आणि पहिल्याच गटारात पडला. तोफूचा चेंदामेंदा. ती हसली. पुन्हा पडला. पुन्हा. हसू मावळलं. "उडी कशी मारतो हा?" कुणी बोललं नाही. पुन्हा पडला. तिचे कान लाल झाले. तिनं नवऱ्याकडे वळून बघितलं. "अहो, सांगा की! तुम्हाला येतंय ना?"

तोमेकिचीला उत्तर माहीत होतं. एक शब्द पुरेसा होता. आजवर तो पुढे बसायचा, आज पहिल्यांदा मागे बसला होता, आणि मागे बसणं इतकं जड असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं तातामीकडे बघितलं आणि ओठ दाताखाली धरले.

सादाएनं कंट्रोलर आपटला. "मरू दे तुमचा तो तोफू! मी मूर्ख, मला नाही येत, झालं समाधान?" आणि ताडताड निघून गेली.

सासाबेनं कपाळ बडवलं. खरंच, ते गटार अगदी सुरुवातीलाच कशाला होतं? तर सपाट रस्त्यावर पळायचा बनवणाऱ्यांना कंटाळा आला होता, म्हणून. वर्षभर रोज खेळून त्यांना सगळंच सोपं वाटायला लागलं होतं. गटारही वाढवत वाढवत रुंद केलं होतं. तोमेकिची तिथे पडला होता त्याची टिपणं कामाच्या रगाड्यात तशीच पडून राहिली होती. तो तसाच आपली माणसं घेऊन कामाच्या खोलीत घुसला.

आठवडा संपत आला, तेव्हा पुन्हा सादाएला बोलावणं आलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"परत माझी शोभा करायला? नाही यायची मी. तुम्ही जा. तुम्ही हुशार झालात ना?"

तोमेकिची तिच्यासमोर बसला. तांदळातला एक खडा त्यानंही काढला.

"भोवऱ्याच्या वेळी ओयाजींनी मला दुपारभर बसवलं होतं," तो म्हणाला. "मला रडू येत होतं. म्हटलं, मला घालवा, मी ढ आहे. तर ते म्हणाले, तुला जमत नाही यात तुझी चूक नाही, माझी आहे. तू फक्त उठून जाऊ नकोस. तू उठून गेलास तर मला माझी चूक दिसायची नाही." त्यानं आणखी एक खडा काढला. "त्या जोरावर मी बसलो बघ इतकी वर्षं. मला काय हरायची हौस होती?"

सादाएचे हात थांबले. "इतकी वर्षं," ती म्हणाली. "त्या सगळ्यांसमोर. रोज." मग ताट बाजूला सारत, "मी एकच दिवस बसले तर मला जीव द्यावासा वाटला."

"चल," तो म्हणाला.

ती एप्रनला हात पुसून निघाली.

या खेपेला तोफूवाल्यापुढे लांब सपाट गल्ली होती. सादाए नुसतीच चालली. मग एक छोटं डबकं आलं. ती पडली, तर तोफूवाल्यानं पाय झटकले आणि पुन्हा उभा, काही फुटलं नाही. तिनं चिडून दिसेल ते बटण दाबलं. तोफूवाला उडाला. "अय्या!" तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा उडाला. मागे सगळे श्वास रोखून. डबकं ओलांडलं, मग एक झोपलेलं कुत्रं, मग गटार. गटारात ती पडली. पण या वेळी ती नवऱ्याकडे वळली नाही. दात ओठ खाऊन पुन्हा निघाली, पुन्हा पडली, आणि तिसऱ्यांदा छत्रीच्या काडीवर टाका घालावा तसं नेमकं बटण दाबून पार झाली. गल्ली संपली. पिपाणी वाजली.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती पडद्याकडेच बघत होती. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "थांबा हं. आणखी एकदा."

ओयाजीनं फोन उचलला.

घरी जाताना दोघं बाजारातून गेले. तोमेकिची काठी टेकत, ती एक पाऊल मागे. बटाट्याच्या क्रोकेटच्या दुकानात हिरोए नावाची बाई तेलात झारा घालून उभी होती, सगळ्या फुसेची खबर ठेवणारी.

"काय तोमे-सान, आज ओरितोत मोठा डाव होता म्हणे! कोण जिंकलं?"

तोमेकिची नेहमीसारखा हसला. तो काही म्हणायच्या आत सादाए पुढे झाली.

"हे जिंकले," ती म्हणाली. "मागच्या खेपेला. सगळ्या कारखान्यासमोर, एकदाही न पडता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि सगळे जल्लोष करत होते तेव्हाच ती जीत परत देऊन आले. आहे का तुमच्या बाजारात एवढी छाती कुणाची?"

हिरोएचा झारा हवेतच राहिला. तोमेकिचीनं काठी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"बघत काय बसलात? दोन क्रोकेट द्या," सादाए म्हणाली. "यांना गरम द्या."